बारा मोरपंखी साड्या

सोळा सोमवार मी निभावले, निर्जळी एकादश्याही केल्या. सगळ्यांत अवघड गेलं ते बोटाचं व्रत! उद्यापनाला नारळ जमावेत तसे आमच्या कोपरगावच्या भजनी मंडळाचे किस्से जमलेत. त्यातले हे काही.

आम्ही बाराजणी, साडी सगळ्यांची एकच, मोरपंखी. एका एकादशीला मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. वरातीत नाचणारी बाई, पाठमोरी. खाली ओळ, 'नवरा जाऊन वर्ष झालं नाही, अन् थाट बघा!'

कुणी 'शिव शिव' लिहिलं, कुणी 'संस्कार बुडाले'. मी श्रीरामपूरच्या बहिणीला फॉरवर्ड केला. पोटात अन्नाचा कण नव्हता, अन् बोटानं हे केलं.

तासाभरानं सुमनमावशींचा मेसेज आला, "अगं, ही साडी तर आपली हाय!"

ती आमची सुवर्णा होती. ग्रुपमध्येच होती. तिनं सगळं वाचलं होतं.

*

आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं साडी घडी घालून पुढ्यात ठेवली. "ही घेऊन जा. मी आता उंबरा ओलांडत न्हाई."

भजनात पहिला सूर तिचा. तिच्याशिवाय अभंग इतका वर लागला, की निम्म्यातच सगळ्या गप्प!

*

सुमनमावशींनी विचारलं, "पाठवलेलं परत कसं घ्यायचं गं?"

मी म्हटलं, "मावशी, आपल्या फोनमधून पुसता येतं. लोकांनी पुढं धाडलेलं न्हाई."

"मग फोन लाव एकेकाला."

तेच आमचं व्रत झालं. ज्याला पाठवलं त्याला फोन करायचा, चुकलं म्हणायचं. मी बहिणीला लावला. ती म्हणाली, "अगंबाई! मी तर सगळ्या सोसायटीला पाठवला!"

"मग आता सगळ्या सोसायटीला फोन कर."

तिनं केले. आमचे झाल्यावर आम्ही सुवर्णाकडे परत गेलो. या वेळी तिनं साडी नेसली.

*

बाराजणी मिळून बाजारात गेलो. मेथीवाल्यानं आमच्या साड्या बघितल्या, मोबाईल काढला. "वरातीतली ती तुमच्यातलीच ना? कोन हाय?"

सुवर्णाची मान खाली गेली.

सुमनमावशींना पायरी चढायलाही हात लागतो. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली, पदर खोचला. "मीच! परत नाचून दाखवू?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुवर्णाच होती ती.

"मावशी, गुडघे सांभाळा," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "मी हाय ती, दादा. भाच्याचं लग्न हुतं, लई नाचले. मेथी कशी दिली?"

बायांनो, तुम्हीही अशी कुणी पाठमोरी पुढं पाठवली असेल, तर आज एक फोन तेवढा लावा.