कड्याचं बळ

कुंभकोणममध्ये आमच्या गल्लीत कॉफी दळून देणारे एक गृहस्थ होते. त्यांना "पेपरात आलंय" म्हटलं, की ते हमखास विचारत, "कोणी करून पाहिलं, राव? किती जणांवर?"

एकदा पांढरा कोट घातलेला विक्रेता आला. गिऱ्हाइकाच्या मनगटात चुंबकाचं कडं चढवून तो त्याचा आडवा धरलेला हात दाबी. कड्याशिवाय सहज खाली जाणारा हात आता जातच नसे. आमच्या कॉफीवाल्यांनी त्याच्याच डोळ्यांवर पंचा बांधला आणि माझ्या मनगटाला कड्याऐवजी पुडी बांधायचं, केळीच्या खोडाचं वाळकं सोपट गुंडाळलं.

हात दाबत विक्रेता ओरडला, "बघा कड्याचं बळ!" पंचा सुटल्यावर सोपट बघून तो कडी पिशवीत भरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे सोपटासाठी रांग!

"अहो, त्यात काही नाही!" ते कळवळून सांगत होते.

रांगेतलं कुणी म्हणालं, "तुमच्यासारखा माणूस उगाच बांधेल काय?"

माझं सोपट अजून मनगटावरच होतं.