शेजाऱ्याची नळी

आमच्या जिन्यात झिग्मासला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे डोकेवाला म्हणत. घरोघरच्या खिडक्यांखाली गरम पाण्यानं खोली तापवणारे लोखंडी रेडिएटर असतात, त्यांच्या व्हॉल्व्हवर तो पांढरी डोकी बसवत हिंडायचा. मुठीएवढं डोकं, त्यावर एक ते पाच आकडे, आणि आकड्यांच्या अलीकडे बर्फाची एक चांदणी, म्हणजे जवळजवळ बंद. खोली तापली की डोकं आपणहून पाणी अडवतं, गारठली की सोडतं. आमच्या शौलेय शहरात ही डोकी नवी होती तेव्हा बायकांना चेष्टेला विषयच मिळाला. झिग्मास पेटी घेऊन दारात उभा राहिला की म्हणायच्या, खिडकीखाली नंतर बसव, आधी आमच्या नवऱ्याला एक बसव. तो म्हणायचा, बसवीन, पण त्यांना आकडे झेपायचे नाहीत, चांदणीवरच राहतील.

आमची इमारत रशियनांच्या वेळची, काँक्रीटच्या पाट्या पत्त्यांसारख्या उभ्या करून केलेली. कोपऱ्यातली घरं एकेका खोलीची, एकावर एक. त्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच उभी नळी. माळ्यावरून गरम पाणी उतरतं ते आधी चौथ्या मजल्यावर लिउदासकडे, मग तिसऱ्यावर माझ्याकडे, मग दुसऱ्यावर स्कायद्रेकडे, आणि शेवटी पहिल्यावर झिग्मास आणि त्याची बायको दानुते यांच्याकडे. तळाला शिंप्याचं दुकान, त्याची सोय वेगळी. थोडक्यात, एका वाडग्यातलं सूप चौघांनी प्यायचं आणि खालच्यानं वरच्याची भलाई मागायची.

म्हणून प्रत्येक रेडिएटरच्या अंगाला एक आखूड नळी असते. डोक्यानं पाणी अडवलं की ते त्या नळीनं वळसा घेऊन खालच्या घरी जातं. तिला खरं नाव काय असेल ते असो, झिग्मास तिला शेजाऱ्याची नळी म्हणायचा. लोकांच्या ती डोळ्यांत खुपायची. पडदा अडतो, रंग उडतो, कापून टाक म्हणायचे. काही मिस्त्री टाकतही. झिग्मास मात्र पेटी मिटून उठायचा. म्हणायचा, हे पाणी तुम्ही विकत घेतलेलं नाही, ते तुमच्या घरातून नुसतं जातंय, जाऊ द्या त्याला. त्यापायी त्यानं कामंही घालवली. माझ्या घरी पाणी झिरपू नये म्हणून आट्यांना ताग गुंडाळून, वरून मलम लावून त्यानं व्हॉल्व्ह आवळला तेव्हा जाता जाता त्या नळीवर दोन बोटांनी टकटक केलं, घोड्याला थोपटावं तसं.

त्या टकटकीचीही एक गोष्ट आहे. उभ्या नळीवर कुठंही वाजवलं की चारी घरांत ऐकू येतं. दानुते बटाट्याचे घावन करायला घ्यायची तेव्हा चमच्यानं वाजवायची, आणि मी वाडगाभर आंबट साय घेऊन खाली उतरायची. फोनला पैसे पडतात, नळीला पडत नाहीत, असं ती म्हणे.

दानुतेनं सगळी उमर पावाच्या भट्टीवर काढली. पिठानं म्हणा, सिगारेटनं म्हणा, तिची फुफ्फुसं संपली. आधी जिना सुटला, मग स्वयंपाकघर, आणि मी सांगतेय त्या हिवाळ्यात तिला पलंगच सुटेना. शेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र घुरघुरत असायचं. पलंग दवाखान्याचा, खिडकीला लावलेला. खिडकीबाहेर दोऱ्याला खारवलेल्या चरबीचा तुकडा टांगलेला, त्याला चोची मारायला पिवळ्या पोटाचे टिटमाऊस यायचे. दानुतेनं एकच गोष्ट सांगून ठेवली होती. दवाखान्याच्या त्या लांब वॉर्डात नेऊ नका, मी इथंच मरेन, या पक्ष्यांसमोर. झिग्मासनं शब्द दिला होता. तो फार शब्द देणारा माणूस नव्हता, त्यामुळे दिलेला त्याला जड जायचा.

नाताळ संपला, स्कायद्रे नॉर्वेला मासळीच्या कामावर गेली आणि जानेवारीत थंडीनं तोंड उघडलं. उणे वीसच्या खाली. आणि नेमकी आमची उभी नळी गार पडली.

पहिल्या दिवशी वाटलं, हवा अडकली असेल. झिग्मास माळ्यावर गेला, तळघरात गेला, हवा सोडली, पाणी सोडलं. काही नाही. लिउदासकडे नळी वर कोमट आणि खाली मेलेली. माझ्याकडे मेलेली. दानुतेच्या खोलीत भिंतीच्या कोपऱ्यात पांढरं दव धरायला लागलं. आम्ही बाकीचे स्वयंपाकघरात सरकलो, तिथली नळी वेगळी. दानुतेचा पलंग मात्र स्वयंपाकघराच्या दारातून जाईना. झिग्मासनं दार काढलं, चौकट काढली, तरी जाईना, आणि दुसरीकडे आडवं पडलं की तिचा श्वास कोंडायचा. विजेचा हीटर आणला. मग लिउदासनं आणला, मीही आणला, आणि जुन्या तारांनी हात टेकले. जिन्याचा फ्यूज उडाला आणि खालचं यंत्र घुरघुरायचं थांबलं. ती शांतता मी तिसऱ्या मजल्यावर ऐकली. झिग्मास जिन्यातून धावत फ्यूजकडे गेला तेव्हा त्याच्या पायांत एकच चप्पल होती. त्यानंतर आम्ही आळीपाळीनं हीटर लावायचो, तोही थोडा थोडा. दानुते कोट-टोपी घालून, दोन रजया ओढून पडलेली. ओठ जांभळे.

रोज येणारी नर्स विलिया, चांगली पोरगी. तिनं भिंतीवरचा पारा पाहिला आणि झिग्मासला बाहेर बोलावलं. म्हणाली, या खोलीत काकूंना मी ठेवू शकत नाही. शुक्रवारी गाडी पाठवते, वॉर्डात ऊब आहे. दार उघडंच होतं, दानुतेनं ऐकलं. ती जिन्यात उभ्या आम्हा तिघांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"सगळ्या शौलेयला ऊब वाटत फिरला माझा नवरा. घरी आणायची तेवढी विसरला."

ती हसत होती, पण हसायला लागणारा वारा तिच्यापाशी नव्हता.

मग झिग्मास अडथळा शोधायच्या मागे लागला. कुणीतरी शेजाऱ्याची नळी कापली आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं, आणि ज्यानं कापली त्याच्यावर तो असा चिडला की मी त्याला इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. लिउदासच्या घरी जाऊन पडदा ओढला, रेडिएटरमागे टॉर्च घातली. लिउदास पंचाहत्तरीचा, गुडघे गेलेला. तो म्हणाला, माझी नळी आहे तिथंच आहे, आता माझ्या पोटात शोधतोस का. झिग्मास त्याला तोंडाला येईल ते बोलला. शेवटी म्हातारा म्हणाला, झालं असेल तर चहा घे. झिग्मासनं घेतला नाही.

तिथून तो खाली माझ्याकडे आला. माझी नळीही जागेवर. तो माझ्या स्टुलावर बसला, पान्हा मांडीवर ठेवला, आणि बराच वेळ माझ्या जमिनीकडे बघत राहिला. जमिनीखाली स्कायद्रेचं घर. मला वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं. ते न पिता म्हणाला,

"पेत्रोने, ती मीच कापली आहे."

दोन हिवाळ्यांपूर्वी स्कायद्रेचा रेडिएटर गंजून गळायला लागला होता. झिग्मासनं नवा लावला, डोकं बसवलं. शेजाऱ्याची जुनी नळी कापली, कारण नवी दुसऱ्या दिवशी जोडायची होती. तेवढ्यात फोन आला, दानुते जिन्यात कोसळली. तीच ती पहिली वेळ. त्यानं उघड्या तोंडाला बूच मारलं आणि तसाच धावला. मग दवाखाना, मग यंत्र, मग हे सगळं. स्कायद्रेला ऊब फार लागायची, ती डोकं कायम पाचावर ठेवायची, म्हणून कुणाला कळलं नाही. आता नॉर्वेला जाताना तिनं शहाण्या बाईसारखं ते चांदणीवर फिरवलं, आणि तिच्या घरात पाणी थांबलं ते सगळ्यांचंच थांबलं.

तो उठून खाली गेला आणि स्कायद्रेच्या दाराशी झटू लागला. ते दार पोलादी. नॉर्वेला जाणारी माणसं आधी असलं दार बसवतात, आणि खिडक्या पुढच्या वर्षी म्हणून लाकडीच ठेवतात. पान्ह्यानं, पहारीनं, खांद्यानं. पहार वाकली. स्कायद्रेचा फोन लागेना, ती कुठल्याशा बोटीवर होती. इमारतीच्या कचेरीनं सांगितलं, मालकिणीची परवानगी आणा. पोलिसांनी विचारलं, पाणी फुटलंय का. नाही. आत कुणी मेलंय का. झिग्मास म्हणाला, आत नाही, खाली मरतंय. ते म्हणाले, मग ते आमचं काम नाही.

गुरुवारी सकाळी तो परत माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, हाताची सालटं गेलेली. गुडघ्यावर बसून त्यानं माझ्या रेडिएटरचं डोकं हातात धरलं आणि मला नाही, त्यालाच सांगत असल्यासारखा बोलू लागला. खालचं डोकं मेलेलं नाही, झोपलेलं आहे. चांदणीवर असलं तरी खोली सात अंशांच्या खाली गेली की ते उघडतं, रेडिएटर गोठू नये म्हणून तसं केलेलंच असतं. पण वर मी हीटर लावते, खाली तो लावतो, शेजारच्या जिन्यातल्या घराची भिंत गरम. आपण सगळे मिळून त्या रिकाम्या खोलीला पांघरूण घालतोय, पेत्रोने, ते उठेल कसं. सगळ्यांनी हीटर बंद केले तर चार-पाच दिवसांत खोली गार पडेल. पण गाडी तर उद्या येणार. आणि तोवर दानुते.

मी चौथीत शाळा सोडली, बदकं राखायला. पण एवढं मला कळलं.

"म्हणजे त्याला थंडीच लागली पाहिजे ना?" मी विचारलं. "थंडी तर बाहेर ढिगानं पडलीय."

त्याला उमजेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि मांस दळायचं माझं लोखंडी यंत्र काढलं. सासूचं, मांजराएवढं जड. त्याच्या मानेला कपड्यांची दोरी बांधली. खिडकी उघडली तेव्हा थंडी तोंडात मारल्यासारखी आली. झिग्मास म्हणाला, वेडी झालीस का, पेत्रोने. मी म्हटलं, वेडी असेन, तू माझे पाय धर. आणि गाठीला हसू नकोस, ती माझ्या नवऱ्यानं शिकवली आहे.

यंत्र स्कायद्रेच्या खिडकीपर्यंत खाली सोडलं, झोका दिला. पहिल्या झोक्याला भिंत. दुसऱ्याला भिंत. खाली अंगणात शिंपी सुई तोंडात धरून बाहेर आला आणि वर बघत राहिला. मग दुहेरी खिडकीची बाहेरची काच गेली. आतली काच जायला फार वेळ लागला, माझे हात सुन्न झाले तेव्हा झिग्मासनं दोरी घेतली आणि मी त्याचा पट्टा धरला. तो प्रत्येक झोक्याला काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं शिव्या, पण ते बायकोचं नाव होतं. शेवटी आतली काचही फुटली, आणि यंत्र आतच अडकून राहिलं.

मग आम्हाला काहीच करण्यासारखं उरलं नाही. तो खाली गेला. मी जमिनीवर बसून नळीला हात लावून राहिले. वरून लिउदास खोकत होता, त्यानंही हात लावला असावा. नळी बर्फासारखी. मनात आलं, गारठलेल्या म्हातारीच्या डोक्यावरचं स्कायद्रेचं घरही आपण थंडीत उघडं टाकलं. ते डोकं अडकलं असेल तर? दोन हिवाळे पाचावर राहून ते विसरलं असेल तर? खालचं यंत्र घुरघुरत होतं, मी तेवढंच ऐकत होते.

नळी आधी बोलली. पोटात गुडगुड होतं तशी. मग वाटलं, माझ्या हाताचीच ऊब असेल. हात काढला, गालफड लावलं. गालालाही कोमट लागलं.

आणि मग खालून चमचा वाजला. हलका, थांबून थांबून. मी वाजवून उत्तर दिलं आणि तिथंच बसून रडले, कारण कुणी बघत नव्हतं.

शुक्रवारी विलिया गाडी घेऊन आली. दानुतेनं टोपी काढून ठेवली होती आणि केस विंचरून घेतले होते. विलियानं पारा पाहिला, झिग्मासच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं, आणि गाडीवाल्याला जा म्हणाली.

वर स्कायद्रेच्या फुटक्या खिडकीतून दिवसभर वाफ निघायची. तो रेडिएटर आता सगळ्या रस्त्याला ऊब देत होता. दोन दिवसांत दानुतेचे पक्षी चरबी सोडून त्या खिडकीच्या कठड्यावर ओळीनं जाऊन बसले, पंख फुगवून. मी घावन घेऊन खाली गेले तर ती म्हणाली,

"माझे पक्षी पळवलेस, पेत्रोने."

मी म्हटलं, माझे नाहीत, स्कायद्रेचे झाले. ती नॉर्वेहून आली की भाडं मागेल. दानुतेनं पांघरुणातून हात काढला आणि पलंगालगतच्या रेडिएटरवर ठेवला. झिग्मासनं चरबीचे दोन तुकडे नव्यानं टांगले, पण पक्षी काही उतरले नाहीत.

फेब्रुवारीच्या मधे ती गेली. पलंगातच, दुपारी, खोली उबदार होती. झिग्मासनं तिच्या पायांना हात लावून पाहिला, मग रेडिएटरला, मग परत पायांना. मी तिथं होते. रेडिएटर गरमच राहिला.

ईस्टरला स्कायद्रे आली. काच बघून तिनं तोंड उघडलं आणि कारण ऐकून मिटलं. खोलीत माझं यंत्र पालथं पडलेलं होतं. झिग्मास पेटी घेऊन वर आला, उभ्या नळीतलं पाणी सोडलं, बूच काढलं आणि शेजाऱ्याची नळी जोडली. ताग दोनदा उकलून पुन्हा गुंडाळला. आवळून झाल्यावर नेहमीसारखी दोन बोटं उचलली आणि नळीवर टेकवून तशीच ठेवली, वाजवली नाहीत. खाली ऐकायला आता कुणी नव्हतं.