मामाचा लघवीचा डबा

अन्याय झाला तो माझ्या मामावर. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी दवाखान्यात त्याचं आठवड्यातून दोनदा होणारं डायलिसिस एकदावर आणलं. वर्ध्याजवळच्या आंजी गावाहून त्याला मीच नेलं होतं, आणि आम्ही दोघंही खुशीत परतलो.

मामाला जुना मधुमेह. किडन्या जवळजवळ बसलेल्या, तरी थोडी लघवी व्हायची. लघवी वाढवणारी एक गोळी ती उरलीसुरली लघवी टिकवते का, हे डायलिसिसच्या पेशंटांवर तपासणं चालू होतं. मामालाही त्यात घेतलं. दर पंधरवड्याला चोवीस तासांची लघवी डब्यात धरून न्यायची, ते मोजायचे. कागद इंग्रजीत. सही करा म्हणाले, त्याने केली.

मला तो कागद वाचता येत होता. रोग्यांच्या हक्कांची पत्रकं छापून मी वर्ध्यात वाटत फिरायचो, आणि सख्ख्या मामाचा कागद घडी करून खिशात घातला.

त्या सकाळी बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता.

"काऊन बे भाचे, जड लागून राह्यला का?"

"मामा, गोळी लागू पडली वाटते."

"तं मंग! सगळ्यायनं भाकड ठरवलती मले. पाह्य, म्हैस कशी पान्हावली!"

पुढच्या सीटवरची बाई पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरांनी माप पाहिलं, तेही हसले. लघवी वाढली आहे, म्हणाले, आता एकच डायलिसिस पुरे, आणि पाणी थोडं जास्त प्यायलात तरी चालेल.

आठवड्याभरात मामाचे पाय सुजले. आडवा झाला की दम लागायचा. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायचा, "काई नाई, हवा बदलली." घटस्थापनेच्या आत तो गेला. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

तेरवीच्या दिवशी मामीने मला गोठ्याकडे बोलावलं.

"बाबू, ते डब्यात पाणी घालत. म्या म्हटलं, हे काय करून राह्यले? तं म्हणे, दुधाचं माप घटलं का केंद्रावाले कार्ड काटते. हे बी नाव काटतीन. मंग मशीन कोण देईन मले?" गव्हाणीला हात टेकून ती खाली बसली. "जन्मभर केंद्रावर दूध घातलं रे त्यायनं. दुधात कधी थेंब नाई घातला."

कुणी म्हणेल, मामाने फसवलं. खबरदार! लघवी कमी भरली तरी मशीन बंद होणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं होतं? त्याच मापावर त्याचं डायलिसिस ठरणार आहे, हे तरी? दोन्ही गोष्टी कागदात होत्या. त्या मी तेरवीनंतर वाचल्या. डॉक्टरांनी सांगितलं नाही, याचा मला संताप आहे. पण डॉक्टरांना त्याची बोली येत नव्हती. माझी तर तीच बोली. डबा जड लागला तेव्हा मला आनंद झाला होता, हे मी कुठल्या पत्रकात छापू?

तुमच्या घरात कुणाच्या हाती असा कागद आला असेल, तर सही थांबवा. त्याच्याजवळ बसा, त्याच्या बोलीत वाचून दाखवा, आणि मग त्यालाच विचारा: हे लोक कशासाठी मोजतात, सांग बरं? त्याचं उत्तर पुरतं ऐकेपर्यंत उठू नका.