बेचाळीस जणांचा एकच नंबर

जळगाव जामोदच्या त्या कॉलेजात प्राध्यापक बेचाळीस, आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर त्या बेचाळीस जणांपुढे नोंदवलेला मोबाइल नंबर एकच. तो नंबर योगिनी उमाळेचा.

हे काही लपूनछपून झालेलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी पोर्टल सुरू झालं तेव्हा प्रत्येकाचं खातं योगिनीनंच उघडलं. लॉगिन करताना फोनवर ओटीपी येई आणि तो तीन मिनिटांत टाकावा लागे. कुणी वर्गात असे, कुणाचा फोन घरी राहिलेला असे, वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर रेंजच नव्हती. प्राचार्य शेषराव बोदडे स्वतःच म्हणाले होते, "काम शेवटी तुलाच करायचंय, मग तुझाच नंबर टाक ना." तिनं टाकला. तेव्हापासून गुण भरणं, हजेरी चढवणं, रजेचे अर्ज, सगळं सरांच्या नावानं आणि योगिनीच्या हातानं होऊ लागलं. सरांनी छापील कागदावर सही करायची, एवढंच.

योगिनी सोनाळ्याची. वडिलांची पाच एकर बागाईत, त्यात वांगी, मिरची, थोडा कांदा. बी.एस्सी. झाल्यावर तिनं संगणकाचा कोर्स केला आणि एजन्सीमार्फत या कॉलेजात संगणक सहाय्यक म्हणून लागली. करार एका वर्षाचा, दर जूनअखेर नवा. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून तपासणी समितीसमोर पडद्यावर चित्रं दाखवण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. काही बिघडलं की विद्यापीठाला पाठवायचं पत्रही तीच लिही आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असे: "तांत्रिक अडचणीमुळे विलंब झाला."

एप्रिलमध्ये शेवटच्या वर्षाचे प्रात्यक्षिकाचे गुण भरायचे होते. पोर्टल संध्याकाळी पाचला बंद होणार होतं. वनस्पतीशास्त्राचे हिंमतराव ढोकणे साडेतीनला आपलं रजिस्टर घेऊन आले. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. खुर्ची ओढून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि योगिनी भरत गेली.

"बावीस. पुढं चोवीस. पुढं एकोणीस. हा पोट्टा हुशार आहे, पण वही पाहा कशी, कोंबडी चालल्यासारखी."

"सर, आकडा सांगा."

"सांगतलं न, एकोणीस."

शेहेचाळीस आकडे वाचून झाले आणि सरांनी रजिस्टर मिटलं. "नांदुऱ्याची गाडी सुटते बाई. प्रिंट काढून ठेव, सकाळी सही करतो."

सर गेल्यावर योगिनीच्या लक्षात आलं, पडद्यावर नावं सत्तेचाळीस आहेत. शेवटची ओळ रिकामी होती आणि रिकामी ओळ पोर्टल घेत नव्हतं. तिनं सरांना फोन लावला, तो लागला नाही. पाचला बारा मिनिटं कमी होती. शेवटचं कुणी आलं नसेल म्हणून सरांनी वाचलं नसेल, असं धरून तिनं तिथं 'गैरहजर' भरलं आणि यादी पाठवून दिली. सकाळी विचारू, असं ठरवलं. सकाळी शिष्यवृत्तीच्या अर्जांची रांग लागलेली होती. सरांनी दारातच उभ्या उभ्या सही केली आणि विचारायचं राहून गेलं.

निकाल लागल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात पुष्पांजली झाल्टे तिच्या टेबलापाशी आली. वर्गात पहिल्या तिघांतली मुलगी. गुणपत्रिका टेबलावर ठेवून तिनं एका ओळीवर बोट टेकवलं.

"ताई, मी प्रात्यक्षिकाले हजर होती. सरांनी माझीच वही सगळ्यायले दाखवली. अन् इथं गैरहजर लिवून आहे. सोमवारी एम.एस्सी.ची यादी लागून राह्यली."

योगिनीनं यादी उघडली. झाल्टे हे नाव इंग्रजी क्रमात शेवटचं. तिनं हिंमतरावांचं रजिस्टर मागवलं आणि पट्टी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. एकोणिसाव्या क्रमांकाचा मुलगा वर्षभर कॉलेजात फिरकलाच नव्हता, म्हणून सरांनी त्याचं नाव रजिस्टरात घेतलंच नव्हतं. पोर्टलवर मात्र तो होता. तिथून पुढं प्रत्येकाला खालच्याचे गुण मिळाले होते. न आलेला मुलगा चोवीस गुण घेऊन पास झाला होता. बाकीच्यांपैकी कुणी तक्रार केली नव्हती. ज्यांचे वाढले ते गप्प बसले आणि ज्यांचे कमी झाले त्यांनी सरांचा राग असेल असं मानलं.

प्राचार्यांनी नेहमीचं पत्र पाठवलं, तांत्रिक अडचणीचं. विद्यापीठाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही, गुण कोणी भरले, चूक कशी झाली, याचा लेखी खुलासा मूळ रजिस्टरसह शुक्रवारपर्यंत द्यावा, त्याशिवाय दुरुस्ती होणार नाही. तो दिवस बुधवार होता.

हिंमतरावांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"हे पाहा योगिनी, तू लिहून दे, सरांच्या नकळत झालं म्हणून. माझे पेन्शनचे कागद गेलेत. तुले काय फरक पडते? इथं नाही तर दुसरीकडं लागशील."

"नकळत म्हंजे सर, मी तुमचं खातं चोरून उघडलं असं होते. मंग नोकरीचं सोडा, पोलीस येतीन."

"एवढं कोण पाहते बाई?"

"गुण भरतानाही आपण हेच म्हणत होतो सर."

हिंमतराव स्टाफरूमकडे निघून गेले. प्राचार्यांचं म्हणणं वेगळं होतं. 'नजरचुकीने' असा एक मोघम शब्द टाकून ढोकणे सरांच्या नावानं खुलासा करू, ओटीपीचं नाव काढायचं नाही. योगिनीला ते जमण्यासारखं वाटेना. विद्यापीठानं नेमकं 'कशी' हे विचारलं होतं. मोघम उत्तर गेलं तर आणखी एक पत्र येईल, तोवर सोमवार उलटून जाईल. खरं लिहिलं तर तिचं काम जाईल, हेही तिला स्पष्ट दिसत होतं. करार याच महिन्याच्या अखेरीस संपत होता.

बुधवारी संध्याकाळच्या एसटीत तिनं मनातल्या मनात मजकूर जुळवला आणि गुरुवारी सकाळी टाइप केला. दीड पान. सरांनी वाचले, मी भरले. एकोणिसावे नाव रजिस्टरात नव्हते, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आले नाही. शेवटची ओळ मी न विचारता गैरहजर भरली. सरांनी न तपासता सही केली. ओटीपी माझ्या फोनवर येतो, सर्वांचाच येतो. सोबत तिनं तक्ता जोडला, एकोणीस ते सत्तेचाळीस, चुकीचे गुण आणि बरोबर गुण.

तो कागद घेऊन ती प्राचार्यांकडे गेली नाही. आधी गेली आवक-जावक सांभाळणाऱ्या इंद्रभानभाऊंकडे.

"कोणाचं पत्र आहे?"

"माझंच. आवक करा."

"बाजूच्या टेबलावर बसतं अन् पत्र आवक करतं?" इंद्रभाननं चष्मा वर सरकवून वाचायला घेतलं. अर्ध्यावर थांबला. "साहेबाले दाखवलं काय?"

"नंबर पडल्यावर दाखवते."

"एकदा नंबर पडला की हे पत्र हवेत विरत नाही, योगिनीताई. विद्यापीठाचा माणूस आला की पहिलं हे आवकचंच रजिस्टर मागते."

"म्हणूनच तर तुमच्याकडं आली भाऊ."

इंद्रभाननं शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला, थोडा वेळ तसाच धरला. मग मारला. आवक क्रमांक तीनशे अठरा.

प्राचार्यांनी पत्र वाचलं, शिक्का पाहिला, पुन्हा पत्र वाचलं. "हे तू मला आधी दाखवायला पाहिजे होतं."

"दाखवलं असतं तर सर, तुम्ही फाडलं असतं."

बोदडे सरांनी ते नाकारलं नाही. पत्र त्यांच्या सहीनिशी पुढं गेलं आणि शुक्रवारी विद्यापीठात पोचलं. शनिवारी दुपारी दुरुस्ती झाली. पुष्पांजलीला तीसपैकी अठ्ठावीस मिळाले आणि सोमवारच्या यादीत तिचं नाव होतं. हिंमतरावांना लेखी ताकीद आली. सर्व प्राध्यापकांनी आपापले नंबर नोंदवावेत, असा आदेश कॉलेजला आला. योगिनीला एजन्सीनं फोन करून सांगितलं, निर्णय होईपर्यंत कामावर येऊ नका.

ती सोनाळ्यात वडिलांसोबत वांगी तोडू लागली. सोमवारी सकाळी प्रवेशाचं काम सुरू झालं आणि साडेदहाला पहिला फोन आला. बारापर्यंत चौदा आले.

"ओटीपी आला असेल, सांग लवकर."

"आलाय मॅडम. पण मले कामावर येऊ नको सांगतलं आहे. कामावर नसलेल्या माणसानं ओटीपी सांगणं बरोबर नाही."

आई, गीताबाई, बांधावरून ऐकत होती. "तुले काढलं म्हणते, मंग हे लोक काऊन फोन करून राह्यले?"

"माझ्याशिवाय त्यायचं कुलूप उघडत नाही, आई."

"मंग बसू दे न चार दिवस दाराबाहेर."

तसं करता आलं असतं. पगारवाढ, पक्का करार, त्या आठवड्यात काहीही मागता आलं असतं. बुधवारी परत बोलावायला प्राचार्यांचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की येते, पण आल्यावर पहिलं काम नंबर बदलण्याचं.

त्याला आठ दिवस लागले. कुणी म्हणालं आम्हाला ते जमत नाही, कुणी म्हणालं आता या वयात. एका सरांना आपलाच नंबर पाठ नव्हता, त्यांनी बायकोला फोन करून विचारला. हिंमतराव शेवटी आले. समोर बसले, फोन टेबलावर ठेवला, आकडे आले ते स्वतः टाकले आणि उठून गेले. महिनाअखेरीस त्यांच्या निरोप समारंभात माईक योगिनीनंच जोडला. भाषणात त्यांनी शिपायापासून सगळ्यांचे आभार मानले, तिचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी करार आला. या वेळी सहा महिन्यांचा. नंबर बदलल्यावर निम्मं काम उरलं नाही, असं एजन्सीचा माणूस म्हणाला, आणि ते खरंच होतं. पुढं काय, हे तिनं विचारलं नाही. सही करून ती भूगोलाच्या विभागात गेली. तिथला प्रिंटर सकाळपासून कागद ओढत नव्हता.