हरकत नाही

मुलांनो, परवा फोनवर मी म्हणाले की यंदाही मला तुमच्याकडे येणं जमणार नाही, तेव्हा धाकटी म्हणाली, "हरकत नाही, आजी." मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं, आपलं मराठी चुकलं. चुकलं नव्हतं. उलट ते इतकं आपल्या बीडकडचं होतं की मला पुढं बोलवेना. म्हणून हे लिहिते आहे.

मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेत शिकून नेकनूरजवळच्या या गावात सून म्हणून आले. नीटनेटकं लिहिणारी मी एकटीच, त्यामुळे गावातल्या प्रत्येक सभेचं इतिवृत्त माझ्याकडे येई. शाळेत मी कधी शिकवलं नाही, तरी सगळे मला 'बाई' म्हणत.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत लागोपाठ दुसरा दुष्काळ पडला. आमच्या आडाच्या तळाला भेगा पडल्या होत्या. ओढ्याकाठच्या एकाच विहिरीला पाणी होतं. ती विहीर माझ्या शेजारणीची. रहाटावर दोर कायम सोडलेला असे. कुणी विचारून पाणी घेतलं तर ती रागवायची. "इच्चारता कावून? पानी काय माझ्या बापानं केलंय?"

त्याच ओढ्यावर तलाव बांधायचं ठरलं. पाटबंधारे खात्याचे साहेब नकाशा घेऊन आले, मारुतीच्या पारावर सभा भरली. साहेबांच्या बाजूला सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन बसले होते. साहेबांनी सांगितलं, गल्लोगल्ली नळ येणार, ज्यांची जमीन बुडेल त्यांच्या घरातल्या एकाला कारखान्यात नोकरी, खालच्या अंगाला ऊसच ऊस. दोन वर्षं कोरडी भाकरी खाल्लेली माणसं हसत होती.

"तळ्यात मासे व्हतील की रं!"

"अन् खाईल कोन बे? तू तर माळकरी!"

"मी माळ काढून ठिवतो, तू मासे धर!"

त्या हशातच माझी शेजारीण मागच्या बायकांतून उठली. "सायेब, माझ्या हिरीचं काय?"

साहेब नकाशा सरळ करत होते. "मावशी, दोन मिनिटं बसा. आधी चेअरमनसाहेबांचं होऊ द्या. चालेल ना?"

"हरकत न्हाई," ती म्हणाली आणि बसली.

आपल्याकडे असंच म्हणतात. बसमध्ये कुणी सरकायला सांगितलं, पंगतीत भाजी संपली, की हरकत नाही. चेअरमन बराच वेळ बोलले. मग नारळ फुटला, चहा आला. तिची पाळी आलीच नाही.

मी ज्याच्या त्याच्या नावापुढं त्याचं बोलणं लिहीत होते. तिच्या नावापुढं तिचा प्रश्न लिहिला, आणि त्याखाली 'हरकत नाही'. साहेबांनी वाकून वही पाहिली. "वा, अक्षर सुंदर आहे. विहीरवाल्या मावशींचीही हरकत नाही म्हणजे झालंच."

त्या क्षणी मला कळलं. लेखणी माझ्याच हातात होती. पण पुढच्या रांगेत सासरे बसले होते, आणि आमची जमीन तलावाच्या खाली होती. बुडणारी नव्हे, भिजणारी. मी सही करून वही दिली.

तलाव झाला. विहीर गेली, तिचं शेत गेलं. नळ आले, आधी आठ दिवसांनी पाणी यायचं, मग तोट्या गंजल्या. पाणी पाटानं उसाला जायचं. त्या उसावर आमचं घर उभं राहिलं, तुमचे बाबा शिकले आणि तुम्ही आहात तिथं पोचले. तिच्या मुलाला नोकरी लागली ती एका हंगामापुरती. पुढच्या दिवाळीनंतर मायलेक कोयता घेऊन ऊसतोडीला निघाले.

तोडणीच्या टोळीला न्यायला ट्रॅक्टर येण्याआधी ती विहिरीचा दोर घेऊन आमच्याकडे आली. "ठिवा तुमच्याकडं. आता मला कशाला?" मग थोडं थांबून म्हणाली, "बाई, तुमी माझ्या नावापुढं काय लिवलं व्हतं?"

"तू म्हणालीस तेच."

ती हसली. मला ते हसू अजून सोसत नाही. "आवं, मी बसायला हरकत न्हाई म्हनले व्हते. बुडायला कुटं म्हनले?"

त्यानंतर हंगामाहून गावी परतली तरी आमच्या दारात ती कधी बसली नाही. उभ्या उभ्याच बोलायची. काही वर्षांनी तिकडेच, उसाच्या फडावर, ती वारली. माझी माफी मागायची राहूनच गेली.

यंदा पुन्हा पाऊस नाही. कारखाना कधीचाच बंद पडला आहे. तलाव तळापर्यंत आटला आणि गाळातून तिच्या विहिरीचा दगडी काठ वर आला. बायकांनी आठवडाभर गाळ उपसला. मी जपलेला दोर कुजून गेला होता, म्हणून नवा पाठवला. तो विहिरीत सोडताना कुणी कुणाला विचारत नाही.

विहिरीला पाणी आहे.