गडचांदूरच्या खाणीतला कर्णा

लहानू फुलझेले यांना दूध चांगलं लागलं तरी संशय येतो. आज पाणी कमी का घातलं, त्यात दूधवाल्याचा काय डाव, या विचारात त्यांचा चहा निवून जातो. दोष त्यांचा नाही. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं त्यांनी कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याची बेअरिंगं कान लावून ऐकली. जे बेअरिंग गुपचूप फिरतं तेच आधी जळतं, हे तिथलं शहाणपण. निवृत्त होताना लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. लहानूभाऊंनी ते मुकाट चालणाऱ्याचा भरवसा न धरण्याचं शहाणपणही सोबत आणलं.

पाखरांचे फोटो काढायचं खूळ मात्र नोकरीतच लागलेलं. सोबत गुलाम रसूल. रसूलभाईचं चंद्रपूरच्या बसस्टँडजवळ गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. दर रविवारी दोघं एकाच गाडीवर जंगलात जात. कॅमेऱ्याची बॅगही रसूलभाईनेच शिवून दिली होती. ती मिळाल्यावर लहानूभाऊंनी आतलं अस्तर उसवून पाहिलं आणि काही सापडलं नाही म्हणून पुन्हा त्याच्याकडेच शिवायला दिलं. रसूलभाईने हसत शिवून दिलं, आणि अशी बारा वर्षं गेली.

मग नवरंगाचं घरटं झालं. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, करवंदीच्या जाळीत. नवरंग म्हणजे जमिनीवर उड्या मारत फिरणारं, अंगावर नऊ रंग घेतलेलं पाखरू. जागा फक्त दोघांना ठाऊक. लहानूभाऊंनी एकच फोटो आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला, गावाचं नाव न घालता. चौथ्या दिवशी तिथे सात गाड्या उभ्या होत्या. एकजण मोबाईलवर नवरंगाची शीळ मोठ्यानं वाजवत होता, म्हणजे नर बाहेर यावा. आठवड्याभरात पाखरांनी घरटं सोडलं. अंडी तशीच राहिली.

दोघांपैकी एकानं फितुरी केली होती, आणि लहानूभाऊंनी तर केली नव्हती. हिशेब सोपा होता. त्यांनी रसूलभाईला काही विचारलं नाही, भांडण केलं नाही. नुसतं रविवारी बोलावणं बंद केलं.

तेव्हापासून ते एकटे जात. पूर्वेला जायचं असेल तर आधी उलट, भद्रावतीच्या दिशेनं दोन किलोमीटर जायचं आणि मग वळायचं. टपरीवर चहा पितानाही हेल्मेट डोक्यावर. मोहफुलं वेचणाऱ्या बाया दिसल्या की कॅमेरा दुपट्ट्याखाली. वाघाची मात्र त्यांना भीती वाटत नसे, कारण वाघ कोणाला लोकेशन पाठवत नाही. आणि सगळ्यात पक्का बंदोबस्त म्हणजे, फोटोखाली ते जागा हटकून खोटी लिहीत. मूल तालुक्यातला हळद्या त्यांच्या वहीत राजुऱ्याला गायचा, राजुऱ्याचा नीलपंख ब्रह्मपुरीत उडायचा. जिल्ह्यातल्या पाखरांची त्यांनी परस्पर बदली करून टाकली होती.

यंदाच्या मार्चात पोंभुर्ण्याकडच्या जंगलात, एका बांबूच्या नाल्यात, त्यांना कर्णा नावाचं पाखरू दिसलं. काळं डोकं, गळ्यात पांढरी माळ, खाली लालभडक पोट. आमच्या ग्रुपच्या यादीत हे पाखरू कधीच नव्हतं. लहानूभाऊंनी घाईघाईत काढलेल्या अकरा फोटोंतला एकच नीट आला. तो ग्रुपवर टाकताना त्यांनी सवयीनं खाली लिहिलं : स्थळ – गडचांदूर, चुनखडीच्या खाणीजवळ.

आता कर्णा हे कोकण-सह्याद्रीकडचं, दाट सावलीतलं पाखरू. खाणीजवळ सावली म्हणजे डंपरची. ग्रुपवर एकानं विचारलं, पाखरू सिमेंटच्या पोत्यातून निघालं का. दुसऱ्यानं पार्सल कोकणातून आल्याचं सुचवलं. संध्याकाळपर्यंत निकाल लागला : फुलझेल्यांनी दुसऱ्याचा फोटो आपल्या नावावर खपवला. आयुष्यभर जगावर संशय घेतलेल्या माणसाला जगानं एका दुपारीत तो सगळा परत केला.

यादी करते रोशनी मडावी, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी. तिनं फोन केला.

“काका, पाखरू खरं आहे. जागा खोटी आहे,” ती म्हणाली. “फोटोत मागं ओल्या दगडावर शेवाळ दिसते. खाणीत शेवाळ कुठलं?”

मग तिनं समजावलं की यादीत फक्त तालुका छापतात, नेमकी जागा तिच्याजवळच राहते. पण पहिली नोंद खोटी निघाल्यामुळे आता कोणीतरी दुसऱ्यानं तिथे जाऊन पाखरू पाहायला हवं. यादी आठ दिवसांत छापायला जाणार. साक्षीदार नाही तर कर्णा नाही, आणि मग कोकणातलं पार्सल हेच कायमचं खरं ठरणार.

दोन दिवस लहानूभाऊ ग्रुपमधली नावं चाळत बसले. एकाकडे शीळ वाजवायचा स्पीकर. एकाचा साळा पर्यटकांच्या जीपा चालवतो. एकजण फारच चांगला, म्हणजे तो तर नकोच. शेवटी उरला गुलाम रसूल. ज्याची चोरी आधीच ठाऊक आहे त्याच्यावर निदान नजर ठेवता येते, असा विचार करून ते दुकानात गेले आणि सीटचं भोक दाखवायला आल्यासारखं सगळं सांगितलं. रसूलभाईनं सुई बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, किती वाजता.

सकाळी दोघं एका गाडीवर निघाले. अर्थातच आधी भद्रावतीकडे. नाल्याच्या तोंडाशी लहानूभाऊंनी हात पुढे केला.

“मोबाईल दे.”

“काऊन?”

“शीळगीळ वाजवली तर?”

रसूलभाईनं मोबाईल काढून दिला. लहानूभाऊंनी तो आपल्या आतल्या खिशात घालून चेन लावली.

पाऊण तासानं कर्णा दिसला. पण या पाखराची एक खोड आहे. माणूस दिसला की ते पळत नाही, फांदीवर पाठ करून बसतं. पाठ मातकट, पोट लाल. म्हणजे सगळी श्रीमंती लपवून पुढे नुसतं पोतेरं धरायचं. लहानूभाऊंचं या पाखराशी उगाच जुळलं नव्हतं. रसूलभाई मान वाकडी करकरून बघत होता. पाठीवरून साक्ष कशी देणार? अर्धा तास झाला. पाखरू ढिम्म.

आणि मोबाईल वाजला. रसूलभाईचा नव्हे, तो मुकाट होता. लहानूभाऊंचाच वाजला, पूर्ण आवाजात, बँडबाजासकट. घरून बायको, चंदाबाई, विचारत होत्या, दूध फाटलं आहे तर दूधवाल्याला बोलायचं की त्याचं पनीर करायचं. कर्णा दचकून उडाला, दहा हातांवरच्या फांदीवर बसला, आणि या खेपेला तोंड इकडे होतं. गळ्यातली माळ, खाली लाल पोट, सगळं उन्हाच्या कवडशात. रसूलभाईनं आपल्या कॅमेऱ्यातून सहा फोटो काढले.

मग दगडावर बसून दोघं भाकर खाऊ लागले. तीन वर्षं पोटात ठेवलेलं लहानूभाऊंच्या तोंडून निघालं.

“नवरंगचं घरटं तू काऊन सांगितलं?”

रसूलभाईनं तोंडातला घास आधी संपवला.

“मी नाई सांगितलं. तुमीच सांगितलं, लहानूभाऊ. फोटोत डाव्या कोन्यात वनखात्याचा खांब होता. त्याच्यावर जंगलाच्या कक्षाचा नंबर. त्याच्यावरून जागा कोणालेबी सापडते.”

“मंग तवाच काऊन नाई बोलला?”

“बोललो असतो तर तुमी कॅमेरा इकून टाकला असता. माझ्यावर राग धरून का होईना, फोटो तरी काढून राह्यले.”

लहानूभाऊंनी उरलेली भाकर फडक्यात बांधली. परत येताना ते सरळ रस्त्यानं आले.

घरी येऊन त्यांनी संगणकावर तो जुना फोटो काढला आणि मोठा केला. त्यांची नजर तीन वर्षं पाखराच्या नऊ रंगांवरच होती. डाव्या कोपऱ्यात, गवतातून डोकं काढून, पांढरा खांब उभा होता. त्यावर काळ्या रंगात तीन आकडे, लांबूनही वाचता येतील असे. त्यांनी ते एकदा वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. मग रोशनीच्या यादीसाठीचा नोंदीचा अर्ज भरायला घेतला. तालुका, पोंभुर्णा. नाल्याची खरी खूण. पाहणारे, गुलाम रसूल आणि लहानू फुलझेले.

अर्ज गेल्यावर शर्ट काढताना आतल्या खिशात काहीतरी टोचलं. रसूलभाईचा मोबाईल. चालू होता, आणि त्याला कुलूपही नव्हतं. बोट लावलं की उघडणार. त्यानं कोणाकोणाला काय काय पाठवलं, सगळं त्यात. लहानूभाऊ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. अंगठा दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला.

शेवटी ते स्वयंपाकघरात गेले आणि मोबाईल चंदाबाईंच्या हातात दिला.

“हा उद्या सकाळपर्यंत लपवून ठेव. कुठी ठेवला ते मले सांगू नको.”

“काऊन? कोण घेऊन राह्यलं?”

“घरात चोर आहे,” लहानूभाऊ म्हणाले आणि चहा मागितला.