लाळकाकांच्या तीन नळ्या

लाळकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, तोंडाकडे बघत. समोरचा किती वेळा आवंढा गिळतो, ओठांवरून जीभ फिरवतो का, यावर त्यांचं बारीक लक्ष. "डोळे कुणीही सांभाळतो, बेटा. घाबरलेल्या माणसाचं तोंड आधी सुकतं," असं ते म्हणत. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना आमच्या भोपाळच्या टाउनशिपमधल्या भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्यांचं आडनाव दिघे, घर मूळचं उज्जैनचं. कारखान्याच्या दवाखान्यात ते लॅब टेक्निशियन होते. मी दहावीत असताना दिल्लीहून काही डॉक्टर आले. पाळीत काम करणाऱ्यांवर किती ताण असतो हे त्यांना लाळेतून मोजायचं होतं, आणि लाळ गोळा करून तपासण्याचं काम दिघ्यांकडे आलं. झालं, आठ दिवसांत दिघ्यांचे लाळकाका झाले. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "चला, रक्तवाला म्हणत होते त्यापेक्षा हे बरं."

दारोदार फिरून ते प्रत्येकाला तीच गोष्ट न कंटाळता समजावत. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य सोडतं, ते रक्तातून लाळेत उतरतं. सुई नको, रक्त नको. कापसाची गुंडाळी दोन मिनिटं तोंडात धरायची आणि नळीत टाकायची. अशा तीन नळ्या: एक उठल्याबरोबर, दुसरी अर्ध्या तासानं, तिसरी झोपण्यापूर्वी. "उठल्यावर ते चढतं, झोपेपर्यंत उतरतं. रात्रपाळीवाल्याचं मात्र सगळं उलटपुलट," असंही ते सांगत. लाळ देण्याआधी दात घासायचे नाहीत, चहा प्यायचा नाही. आता आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय माणूस उठला असं कुणी मानतच नसे. शेजारच्या जोशीकाकूंनी नवऱ्याच्या नळ्या दिल्या, तर लाळकाका एक नळी उजेडात धरून म्हणाले, "वहिनी, हा चहा आहे. आलं घातलेला."

पण हसण्यावारी न्यावं असं सगळं नव्हतं. ज्याचा आकडा जास्त त्याला मशीनवरून उतरवणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. लाळकाका शपथेवर सांगत की कुणाचं नाव वर जाणार नाही. त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? आमच्या घरात तर कुणीच ठेवला नाही.

बाबा क्रेन चालवत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या क्रेनची साखळी निसटली होती आणि लोखंडाचा अवजड भाग एका फिटरपासून हातभर अंतरावर पडला होता. कुणाला खरचटलंही नाही, म्हणून कुणी काही लिहिलं नाही. पण तेव्हापासून कामावर निघताना बाबांना शर्टाची बटणं लावता येत नसत. हात थरथरायचे. आई पुढे होऊन बटणं लावायची आणि मी पुस्तकात डोकं घालायची. आज क्रेनवर त्यांचा हात असाच थरथरला तर? माणूस मरेल, किंवा बाबाच वरून पडतील. अवेळी भोंगा वाजला तर काय वाटतं, हे गॅसची रात्र पाहिलेल्या भोपाळच्या माणसाला समजावून सांगायला नको. रात्रपाळीच्या आठवड्यात मी पहाटेच जागी व्हायची आणि बाबांची सायकल स्टँडवर चढल्याचा आवाज ऐकेपर्यंत श्वास रोखून पडून राहायची.

बाबांनी नळ्या फडताळात ठेवल्या आणि रोज "उद्या देतो" म्हणू लागले. शेवटी मीच उपाय केला. दहावीतल्या मुलीला कसली आलीय काळजी, माझा आकडा कमीच येणार, असा माझा हिशेब. त्या आठवड्यात बाबांची रात्रपाळी होती. नळ्यांबरोबरच्या कागदावर छापलं होतं 'सकाळी उठल्याबरोबर', म्हणून बाबा यायच्या आत मी कापूस तोंडात धरला. मग अर्ध्या तासानं, मग झोपताना. तिन्ही नळ्यांवर बाबांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाता जाता दवाखान्यात देऊन आले.

पुढच्या रविवारी लाळकाका घरी आले. चहालाही नको म्हणाले.

"शिंदे, ही लाळ तुमची नाही," ते म्हणाले.

"मी अजून दिलेलीच नाही," बाबा म्हणाले.

"तेच म्हणतो मी. तुम्ही रात्रपाळीत, आणि ही लाळ रात्री झोपून पहाटे उठणाऱ्याची आहे. आकडा बरोबर चढलाय, बरोबर उतरलाय. फक्त चढलाय इतका, की मी दोनदा तपासला." मग त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "एवढं घाबरून उठतं कोण या घरात?"

मी ओठांवरून जीभ फिरवली आणि तिथंच पकडली गेले. "मला वाटलं, माझा आकडा कमी येईल," एवढंच मला बोलता आलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रडतील अशी मला भीती वाटली. पण ते हलक्या आवाजात म्हणाले, "हिला कसं कळलं?"

"घरात भीती असली की ती सगळ्यांनाच कळते, शिंदे. बोलत तेवढं कुणी नाही." लाळकाकांनी तिन्ही नळ्या खिशातून काढल्या. "या मी रद्द केल्या. मी कुठे काही लिहिणार नाही. पण उद्या तुम्ही स्वतः फोरमनकडे जा. भीती वाटते म्हणून सांगा. सांगायची वस्तू आहे ती, मोजायला कशाला लावता?"

बाबा गेले. त्यांना क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. काही दिवस लोक हसले, मग विसरले. निवृत्तीपर्यंत बाबा स्वतःच्या हातानं बटणं लावून कामावर गेले.

लाळकाका निवृत्त होऊन भोपाळमधल्याच बाग सेवनिया वस्तीत राहायला गेले. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्या सकाळी मी त्यांच्याजवळ होते. पाणी बंद, ओठांना भेगा पडलेल्या. नर्सला विचारून मी कापसाचा बोळा ओला केला आणि त्यांच्या ओठांवरून फिरवला.

"काका, भीती वाटते?"

सवयीनं त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हो, बेटा. फार वाटते."

"मलाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. मग त्यांना आत नेलं. ते परत आले नाहीत.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. "घाबरले होते का?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणाले."

बाबांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात थरथरत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.